ज्येष्ठांचे कपाट आणि बदलते ऋतू

‘आता या वयात नवे कपडे घेऊन काय करायचे आहे?’ हे वाक्य बहुतेक घरांत कधी ना कधी ऐकू येते. ते उच्चारणाऱ्या आजींच्या कपाटात घडी न मोडलेल्या साड्यांची रास असते, अंगावर मात्र विटलेला, बटणे तुटलेला गाऊन असतो. आजोबांसाठी दिवाळीत आणलेला रेशमी सदरा अजून दुकानाच्या पिशवीतच असतो आणि रोजच्या लेंग्याची नाडी तीन ठिकाणी गाठी मारून चालवलेली असते. कपडे पुष्कळ आणि वापरण्याजोगे थोडे, अशी ही स्थिती आहे.

कपड्यांसारख्या विषयावर डॉक्टरने का लिहावे, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर शरीराच्या बदलांत आहे. साठीनंतर त्वचा पातळ आणि कोरडी होते, घाम कमी येतो, तहान मंदावते, थंडीत अंगात उष्णता निर्माण करण्याची शक्तीही कमी होते. बोटांची पकड सैल होते, खांदे पूर्ण वर जात नाहीत, तोल सांभाळणे अवघड होते. तरुणपणी शरीर जे काम स्वतः करत होते, त्याचा काही भाग आता कपड्यांनी उचलायचा असतो. म्हणून ज्येष्ठांचे कपाट ऋतूप्रमाणे बदलणे हा केवळ हौसेचा विषय नाही. पडणे, भाजणे, उष्माघात आणि त्वचारोग टाळण्याचा तो एक साधा उपाय आहे. शिवाय नीटनेटके, मनाजोगे कपडे अंगावर असले की माणूस घराबाहेर पडतो, चार लोकांत मिसळतो, हा लाभ वेगळाच.

वर्षातून तीनदा कपाट उघडावे

गुढीपाडव्याच्या सुमारास, मृग नक्षत्राच्या आधी आणि दिवाळीच्या सफाईत, असे वर्षातून तीन वेळा कपाट पूर्ण रिकामे करावे. कपड्यांचे तीन गट करावेत: येत्या ऋतूत रोज लागणारे, थोड्या दुरुस्तीने वापरता येणारे, आणि देऊन टाकण्याचे. हे काम ज्येष्ठांच्या समोर आणि त्यांच्या संमतीने व्हावे. त्यांच्या पश्चात कपाट ‘आवरून’ टाकण्याने घरात जे दुःख होते, ते अनेक वर्षे विसरले जात नाही. आईने दिलेली इरकल किंवा लग्नातला शालू वापरात नसला तरी त्याची जागा अबाधित ठेवावी. सुती जुन्या साड्यांची मात्र उत्तम गोधडी होते. अशा साडीचा स्पर्श रोज अंगाशी राहतो.

उरलेला प्रत्येक कपडा एकदा घालून पाहावा. तो घालून खुर्चीत बसावे, उठावे, दोन्ही हात वर करावेत, दहा पावले चालावे आणि शौचालयात तो लवकर सोडता येतो का हे पाहावे. या परीक्षेत जो कपडा अडखळवतो, तो कितीही चांगला असला तरी रोजच्या वापरासाठी नाही.

उन्हाळा, पावसाळा, हिवाळा

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, तसेच मानसिक विकार व कंपवातावरील काही औषधे घेणाऱ्यांना अशा दिवसांत उष्माघाताचा धोका अधिक असतो. त्यांच्यासाठी सैल, फिक्या रंगाचे, विरळ विणीचे सुती कपडे, मलमलीचा सदरा, डोक्यावर टोपी, उपरणे किंवा पदर हवाच. कोकणात आणि गोव्यात तापमान कमी असले तरी दमट हवेमुळे घाम वाळत नाही. तेथे कपड्यांच्या सैलपणाला आणि दिवसातून एकदा कपडे बदलण्याला अधिक महत्त्व आहे. घट्ट नायलॉनचा गाऊन स्वस्त आणि धुण्यास सोपा असतो, परंतु उकाड्यात तो अंगावर पिशवीसारखा बसतो.

पावसाळ्यात प्रश्न ओलाव्याचा असतो. अर्धवट वाळलेले आतले कपडे घातल्याने जांघा, काखा आणि स्तनांखालील घड्यांत गजकर्ण होते; मधुमेह असल्यास ते लवकर पसरते. म्हणून या ऋतूत महागाच्या एका कपड्यापेक्षा लवकर वाळणारे साधे दोन-तीन जोड जास्त घ्यावेत आणि आतले कपडे इस्त्री करून पूर्ण कोरडे करावेत. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेली मिश्र मलमे लावू नयेत. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते आणि त्याने गजकर्ण चिवट होते. काठी वापरणाऱ्यांनी छत्रीऐवजी पुढून उघडणारा, घोट्यापर्यंत न लोळणारा रेनकोट घ्यावा. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात छत्री असेल, तर तोल गेल्यावर कठडा धरायला हात उरत नाही. गुळगुळीत तळाची कोल्हापुरी चप्पल ओल्या फरशीवर घसरते. ती दिवाळीपर्यंत बांधून ठेवावी.

थंडीत ऋतूप्रमाणे वेश बदलण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. एरवी सणाला वर्ज्य मानलेला काळा रंग संक्रांतीला आवर्जून नेसला जातो, आणि काळा रंग ऊब धरतो हे त्यामागचे कारण घराघरांत सांगितले जाते. ज्येष्ठांनी एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा आत सुती बंडी आणि वर दोन पातळ थर घालावेत. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब टिकवते आणि ऊन चढल्यावर एक थर उतरवता येतो. लोकर थेट कोरड्या त्वचेवर आली की खाज सुटते, तेव्हा आत सुती कपडा असावाच. कानटोपी आणि मोजे विसरू नयेत. मात्र गुळगुळीत फरशीवर साध्या मोज्यांनी पाय घसरतो, म्हणून तळाला रबराचे ठिपके असलेले मोजे घ्यावेत. मोज्यांचा इलॅस्टिक पट्टा पायात रुतणारा नसावा.

गरम कपडे पेटीतून काढल्यावर दिवसभर उन्हात आणि वाऱ्यावर ठेवावेत. डांबरगोळ्यांचा वास बसलेले कपडे न वाळवता नवजात बाळाच्या जवळ नेऊ नयेत. काही बाळांमध्ये त्या वाफेने रक्तपेशी फुटून कावीळ होते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती घरात असेल, तर या गोळ्या पेपरमिंट समजून तोंडात जाण्याची भीती असते. तेथे वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला वापरलेला बरा.

नाडी, घोळ आणि ज्योत

कपड्यांमुळे होणाऱ्या तीन अपायांकडे घरात क्वचितच लक्ष जाते.

पहिला अपाय नाडीचा. परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बांधल्याने कमरेवर काळा पट्टा पडतो, खाज सुटते, कातडी सोलवटते. क्वचित अशी जखम वर्षानुवर्षे चिघळत राहून तेथे त्वचेचा कर्करोग होतो. वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी अशा दोन वयस्क स्त्रियांची माहिती २०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक परकर घट्ट बांधत असे, तर दुसरी परकराशिवाय लुगडे कमरेला आवळून नेसत असे. असा कर्करोग दुर्मीळ आहे, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण नाडी बारीक असू नये, रुंद पट्टा असावा, बांधण्याची जागा बदलत राहावी आणि घरात असताना ती सैल ठेवावी. कमरेवरची जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवावी. संकोचाने लपवू नये. धोतराच्या आणि लेंग्याच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी.

दुसरा अपाय घोळाचा. जमिनीला टेकणारा गाऊन आणि लोळणारा पदर जिन्यावर पायात येतो. कपड्याची कड जमिनीपासून किमान चार बोटे वर असावी. जन्मभर नऊवारी नेसलेल्या आजींवर गाऊन लादू नये. शिवलेली नऊवारी आता बाजारात मिळते आणि शिवूनही घेता येते. नाडीची गाठ सुटेपर्यंत लघवी आवरत नाही, या घाईतही अनेक जण पडतात. अशांना इलॅस्टिकचा, पटकन खाली घेता येणारा लेंगा द्यावा. लघवीवर ताबा नसल्यामुळे कित्येक ज्येष्ठ लग्नकार्याला जाणेच सोडतात. या तक्रारीवर उपचार आहेत. तोवर गडद, छापील कपडा आणि पिशवीत एक जादा जोड एवढ्याने बाहेर पडण्याचे धैर्य येते.

तिसरा अपाय ज्योतीचा. गॅसजवळ, समईपाशी, पणत्या लावताना कृत्रिम धाग्याचा पदर किंवा खांद्यावरून घसरणारी शाल घातक ठरते, कारण असे कापड वितळून अंगाला चिकटते. स्वयंपाकघरात सुती साडी आणि बटणांचा, अंगाबरोबर बसणारा स्वेटर असावा. कपड्याने पेट घेतलाच तर धावू नये. जमिनीवर लोळावे किंवा पाणी ओतावे. त्यानंतर भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरून रुग्णालय गाठावे. कातडीला चिकटलेले कापड ओढून काढू नये.

खरेदी करताना

भेटीच्या साड्यांवर आपण मोकळ्या हाताने खर्च करतो आणि रोजच्या कपड्यांत काटकसर करतो. एक साधा हिशेब पाहावा. तीन हजारांची साडी वर्षातून दोनदा नेसली, तर एका वेळेचा खर्च दीड हजार रुपये होतो. सहाशे रुपयांचा चांगला सुती गाऊन वर्षातून शंभर वेळा घातला, तर एका वेळेचे सहा रुपये होतात. ज्येष्ठांसाठी खर्च करायचा असेल तर तो आधी रोजच्या कपड्यांवर, आतल्या कपड्यांवर आणि चपलांवर करावा.

शक्य असेल तर त्यांना दुकानात सोबत न्यावे. मात्र सणाच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरला नव्हे, तर आठवड्याच्या मध्यात, सकाळी अकराच्या सुमारास, बसायला खुर्ची असलेल्या दुकानात न्यावे. मापे नव्याने घ्यावीत. घरबसल्या मागवायचे असेल तर अंगाला नीट बसणाऱ्या जुन्या कपड्याची मापे टेपने घेऊन ती तक्त्याशी ताडून पाहावीत आणि परत करण्याची सोय तपासावी. चपला संध्याकाळी घ्याव्यात, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मधुमेह असून पायांची संवेदना कमी झाली असेल, तर मऊ एमसीआर तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी आणि ती रोज घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. नवा कपडा एकदा धुऊनच घालावा.

खांदा आखडलेल्यांसाठी पुढून उघडणारे कपडे घ्यावेत. काजे लावता येत नसतील तर शिंप्याकडून टिचबटणे किंवा वेल्क्रो लावून घ्यावे. वरचे बटण शोभेसाठी तसेच ठेवता येते. अर्धांगवायू झालेल्यांना कपडा घालताना दुर्बळ हात आधी घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. सदऱ्याची बाही दंडावर सहज चढेल इतकी सैल असावी. आवळलेल्या बाहीवर मोजलेला रक्तदाब चुकीचा येतो. शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती: बटणे लावायला त्यांना दहा मिनिटे लागत असतील तर लागू द्यावीत. आपण घाईने लावून दिली की बोटांची उरलीसुरली सवयही मोडते.

कपडे काय सांगतात?

ऋतू बदलताना कपाट उघडण्याचा आणखी एक उपयोग आहे. मागच्या दिवाळीचे पोलके अंगात ढगळ होऊ लागले, तर वजन करावे. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे तीन किलोंहून अधिक कमी झाले, तर तपासणी आवश्यक आहे. चपला अचानक घट्ट होणे आणि मोज्यांचे खोल वळ उमटणे म्हणजे पायांवर सूज. तिचे कारण हृदय, मूत्रपिंड किंवा एखादे औषधही असू शकते. ऐन मेमध्ये स्वेटर मागणाऱ्या व्यक्तीची थायरॉइडची तपासणी करावी. निळा आणि काळा मोजा एकत्र घातला जात असेल, तर मोतीबिंदू पाहावा. आयुष्यभर टापटिपीने राहिलेली व्यक्ती डागाळलेले कपडे बदलेनाशी झाली, तर तिला रागावू नये. दृष्टी, स्मरणशक्ती किंवा मनाची उदासी यांपैकी काहीतरी बिघडलेले असते.

सुरुवातीच्या त्या वाक्याकडेही याच दृष्टीने पाहावे. ‘आता काय करायचे आहे?’ यात कधी काटकसर असते, कधी खरे समाधान असते, तर कधी पतीच्या निधनानंतर रंगीत साडी नेसू की नको हा संकोच असतो. पण खाणेपिणे, बोलणे आणि बाहेर जाणेही कमी झाले असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर औषधोपचार आहेत. म्हणून या पंधरवड्यात आई-वडिलांच्या कपाटाचा एकच खण त्यांच्यासोबत बसून उघडावा, कोणता कपडा आवडतो आणि कोणता टोचतो हे त्यांना विचारावे, आणि खरेदीची यादी त्यांच्या उत्तरांवरून करावी. वाचकहो, आपण स्वतः ज्येष्ठ असाल तर घडी न मोडलेल्या साड्यांतील किंवा सदऱ्यांतील एक उद्या सकाळी अंगावर घालावा आणि तो घालून फिरायला जावे.