मेंदूतील अर्बुदाचा रक्तपुरवठा व एम. आर. आय.

मेंदूतील अर्बुदावर किरणोपचार झाल्यानंतर काही महिन्यांनी त्याच जागी गॅडोलिनियमने उजळणारा भाग दिसू लागल्यास दोन शक्यता संभवतात : अर्बुद पुन्हा वाढत असेल, किंवा किरणांमुळे ऊतक मृत झाले असेल. दोहोंचे उपचार भिन्न. परंतु नेहमीच्या एम. आर. आय. प्रतिमेत दोन्ही सारखीच दिसतात. कारण हे उजळणे रक्त व मेंदू यांमधील अटकाव भंगल्याचे निदर्शक होय, रक्तवाहिन्यांच्या विपुलतेचे नव्हे.

ही विपुलता मोजण्यासाठी गॅडोलिनियम शिरेतून वेगाने टोचून दर एकदोन सेकंदांस प्रतिमा घेतात. द्रव्य केशवाहिन्यांतून प्रथम जात असता संकेत घटतो. घट जितकी मोठी, तितके तेथील रक्ताचे आकारमान अधिक. विरुद्ध बाजूच्या निरोगी श्वेत द्रव्याशी त्याचे गुणोत्तर काढतात. वाढत्या अर्बुदात नव्या वाहिन्या फुटत असल्याने ते सामान्यतः मोठे, तर मृत ऊतकात लहान असते.

अर्बुदाची श्रेणी ठरविण्यासही हेच मापन उपयोगी पडते; तथापि केवळ आकड्यावर विसंबणे इष्ट नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या १६० ग्लायोमा-रुग्णांच्या अभ्यासात १.७५ ही मर्यादा धरता उच्च श्रेणीची ९५ टक्के अर्बुदे ओळखली गेली. परंतु निम्न श्रेणीचीही सुमारे ४२ टक्के त्यांतच गणली गेली. ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा तर निम्न श्रेणीचा असूनही बहुधा वाहिनीबहुल असतो. उलटपक्षी, द्रव्य वाहिनीबाहेर झिरपल्यास आकारमान वास्तवाहून कमी भरू शकते. म्हणून गणितात गळतीची दुरुस्ती करावी लागते. संशय उरल्यास ऊतकाच्या नमुन्याची तपासणीच निर्णायक ठरते.