नऊ वर्षांची तीन वर्षे

अनुभव काळाने मोजायचा असतो, असा आपला समज आहे. नोकरीला लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि मधली वजाबाकी, की झाला हिशेब. परंतु ज्या देशांना परदेशातून कुशल माणसे हवी आहेत आणि ज्यांच्या दारात भारतीय अर्जदार मोठ्या संख्येने उभे आहेत, त्यांची मोजपट्टी निराळी आहे. त्या वर्षांत नेमके कोणते काम केले, आठवड्याला किती तास केले, त्याचा मोबदला मिळाला का आणि या सर्वाचा पुरावा काय, हे प्रश्न ती आधी विचारते. या मोजपट्टीवर अनेक भारतीयांची वर्षे आक्रसतात. यातली काही घट परक्या देशांच्या नियमांमुळे होते. त्याबद्दल आपण फारसे काही करू शकत नाही. उरलेली घट मात्र आपल्या घरच्या अनास्थेमुळे होते, आणि माझा आक्षेप त्या अनास्थेला आहे.

आधी परक्यांचे नियम पाहू. ऑस्ट्रेलियाच्या कौशल्याधारित व्हिसासाठी किमान ६५ गुण लागतात. प्रत्यक्षात निमंत्रण मिळण्यासाठी बहुधा त्याहून बरेच अधिक. देशाबाहेरील अनुभवाला तीन वर्षांपासून पाच गुण, पाच वर्षांपासून दहा आणि आठ वर्षांपासून पंधरा. हा अनुभव मागील दहा वर्षांतला, मोबदला मिळालेला, आठवड्याला किमान वीस तासांचा आणि अर्जातील व्यवसायाशी जवळचा संबंध असलेला हवा. खरी मेख पुढे आहे. माणूस ‘कुशल’ केव्हापासून झाला, हे त्या त्या व्यवसायाची मूल्यांकन संस्था सांगते आणि त्याआधीची वर्षे गुणांसाठी धरली जात नाहीत. संगणक क्षेत्रात हे काम ‘ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी’ करते. कामाशी थेट जुळणारी संगणकाची पदवी असेल तर साधारणपणे पहिली दोन वर्षे वजा होतात, पदवी संगणकाचीच पण कामाशी न जुळणारी असेल तर चार, आणि पदवी संगणकाची नसेलच तर सहा.

आपल्याकडे यंत्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकी शिकून सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्यांची संख्या लक्षात घेतली, म्हणजे या नियमाचा भार कळतो. पुणे, बेंगळूरु, हैदराबाद येथील कंपन्यांनी वर्षानुवर्षे सर्व शाखांचे पदवीधर सरसकट भरती केले. समजा, त्यांपैकी एक जण बाविसाव्या वर्षी कामाला लागला आणि एकतिसाव्या वर्षी अर्ज करतो आहे. नऊ वर्षांतून सहा गेली, उरली तीन. ज्याला पंधरा गुणांची अपेक्षा होती, त्याच्या पदरात पाच पडतात. आणखी दोन वर्षे थांबल्यास मोजता येणारी वर्षे पाच होतील आणि गुण दहा होतील खरे. पण वयाची तेहेतीस वर्षे पूर्ण होताच वयाचे गुण तिसावरून पंचविसावर येतात. दोन वर्षांच्या कामाने जे मिळाले ते दोन वर्षांच्या वयाने गेले.

या वजाबाकीमागे तर्क आहे, हे मान्य करायला हवे. जे ज्ञान पदवीतून मिळाले नाही ते कामातून मिळवले, तर शिकण्याची ती वर्षे पुन्हा ‘कुशल काम’ म्हणून मोजणे हा दुहेरी हिशेब ठरेल, असे ऑस्ट्रेलियाचे म्हणणे आहे. कॅनडाची पद्धत याहून वेगळी आहे. तेथील संघीय कुशल कामगार योजनेसाठी मागील दहा वर्षांत किमान एक वर्षाचा सलग आणि सवेतन अनुभव लागतो, म्हणजे १,५६० तास, आठवड्याला तीस तासांच्या हिशेबाने. तीस तासांपलीकडचे काम मोजले जात नाही. आपल्याकडे कायद्याची मर्यादाच आठवड्याला ४८ तासांची. म्हणून भारतीय कामगाराचे वर्ष लवकर पुरे होईल, असे मात्र नाही. विनावेतन उमेदवारीही धरली जात नाही. एकाच माणसाचे एकच आयुष्य दोन देशांत दोन लांबींचे भरते.

पदनाम आहे, काम नाही

हे नियम कडक असले तरी लिखित आहेत आणि सर्वांना सारखे लागू आहेत. भारतीय अर्जदार खरा अडतो तो पुराव्यापाशी. कॅनडाला नियोक्त्याच्या लेटरहेडवरील, वरिष्ठाच्या सहीचे पत्र हवे असते. त्यात पद, कालावधी, आठवड्याचे तास, वेतन व भत्ते आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष कर्तव्ये नमूद असावी लागतात. कारण व्यवसायाचे वर्गीकरण पदनामावरून नव्हे, केलेल्या कामावरून ठरते. ऑस्ट्रेलियातील मूल्यांकन संस्थांच्या अपेक्षाही साधारण अशाच असतात.

याउलट आपल्याकडचे अनुभवपत्र पाहावे. अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर होती, तिची वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. बस्स. अनेक मोठ्या कंपन्यांत कर्तव्यांचा तपशील पत्रात न देण्याचा शिरस्ता आहे. मग अर्जदार जुन्या वरिष्ठाला शोधतो, त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतो, पगारपत्रके, फॉर्म १६ आणि बँकेची विवरणे जोडतो. कंपनी बंद पडलेली असेल किंवा नोकरी पोटकंत्राटदाराच्या कागदावर आणि काम भलत्याच ठिकाणी असेल, तर हा खटाटोप आणखी अवघड होतो.

आणि हे निदान नेमणूकपत्र मिळालेल्यांचे झाले. देशाच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार बिगरशेती क्षेत्रात नियमित पगारावर असलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक लोकांकडे लेखी करार नाही. ज्या वेल्डरने, शेफने वा इलेक्ट्रिशियनने दहा वर्षे रोखीत पगार घेतला, त्याच्या हाताला कौशल्य आहे. कागदाच्या दृष्टीने मात्र त्याने काहीच केलेले नाही. ऑस्ट्रेलिया व कॅनडा या दोघांच्याही याद्यांत असे व्यवसाय आहेत, पण त्या दारातून आत जाण्यासाठी लागणारा कागद आपल्याकडच्या लहान आस्थापनांत तयारच होत नाही.

अनुभवाचा कागद हे नियोक्त्याच्या हातातले हत्यारही आहे. केरळमध्ये २०११-१२ च्या सुमारास खासगी रुग्णालयांतील परिचारिका संपावर गेल्या. तसे संप दिल्ली-मुंबईतही झाले. वेतनाइतकाच रोष होता तो ‘बाँड’वर आणि अडकवून ठेवलेल्या मूळ प्रमाणपत्रांवर. परदेशी परवान्यासाठी अनुभव लागतो, हे रुग्णालयांना ठाऊक होते. म्हणूनच तुटपुंज्या पगारावर मुली टिकून राहतील, याचीही त्यांना खात्री होती. आजही बाँडची रक्कम भरल्याशिवाय कार्यमुक्तीचे पत्र न देण्याचे प्रकार अनेक क्षेत्रांत चालतात. ज्या कागदावर एखाद्याचे भवितव्य ठरते, तो देणे ही नियोक्त्याची मेहेरबानी मानली जाते.

कागद कमी म्हणून त्याचा बाजार मोठा. बनावट अनुभवपत्रे विकणारे आपल्या महानगरांत आहेत, आणि त्यांच्यामुळे परदेशी अधिकारी प्रत्येक खऱ्या पत्राकडेही संशयाने पाहतात. खोटी माहिती दिल्यास कॅनडा पाच वर्षे दार बंद करतो. ऑस्ट्रेलियात बनावट कागद सादर केल्यास साधारण तीन वर्षे व्हिसा मिळत नाही. ही शिक्षा योग्यच आहे. परंतु खऱ्या अनुभवाचा पडताळता येईल असा पुरावा मिळणे इतके कठीण ठेवले, तर दलालांचा धंदा आपणच पोसतो, हेही खरे.

पदवीला करार, कामाला नाही

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मार्च २०२३ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांनी परस्परांच्या शैक्षणिक पात्रतांना मान्यता देण्याची यंत्रणा मान्य केली आणि मे २०२३ मध्ये स्थलांतर व गतिशीलतेचा करार केला. जर्मनीने २०२४ मध्ये भारतीयांसाठी कुशल कामगार व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. पदव्या आता डिजिलॉकरमध्ये उपलब्ध होतात आणि त्या पडताळता येतात. या सगळ्यात पदवी आहे, संख्या आहे. केलेल्या कामाची नोंद कुठेही नाही. जर्मनी तर पदवी नसलेल्या संगणक व्यावसायिकालाही मागील सात वर्षांतील तीन वर्षांच्या योग्य अनुभवावर ‘ब्लू कार्ड’ देतो. दार अनुभवाच्या किल्लीने उघडणारे आहे, आणि ती किल्लीच आपण घडवत नाही.

त्याच जर्मनीत व्यवसाय अधिनियमाच्या कलम १०९ नुसार नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला कामाचे स्वरूप आणि कालावधी सांगणारे लेखी प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क आहे; मागितल्यास त्यात कामगिरीचे मूल्यमापनही द्यावे लागते. आपल्याकडे १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श आदेशांत कायम कामगाराला सेवा प्रमाणपत्राचा हक्क होता, पण तो ठरावीक आकाराच्या आस्थापनांतील ‘कामगारां’पुरता. कर्नाटकात माहिती-तंत्रज्ञान उद्योगाला त्या कायद्यातून वारंवार सूट मिळत गेली. नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केले, हे मोठे पाऊल आहे. मात्र नेमणूकपत्र नोकरीचा प्रारंभ सांगते. पुढील सात वर्षांत त्या माणसाने काय केले, हे ते सांगू शकत नाही.

मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, तपशीलवार सेवा प्रमाणपत्र हा प्रत्येक कर्मचाऱ्याचा वैधानिक हक्क व्हावा. त्यात कर्तव्ये, आठवड्याचे तास आणि वेतन असावे. नोकरी सुटल्यापासून ठरावीक दिवसांत ते मिळावे आणि कोणत्याही येण्यापोटी अडवता येऊ नये. बाँडचा वाद असेल तर त्यासाठी न्यायालय आहे.

दुसरी, भविष्य निर्वाह निधीचा अभिलेख अर्थपूर्ण करावा. सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे कर्मचाऱ्याच्या सर्व नोकऱ्यांच्या तारखा एका ठिकाणी दिसू शकतात. तो अभिलेख ‘केव्हा’ हे सांगतो, ‘काय’ हे सांगत नाही. मासिक विवरणात राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, २०१५ मधील सांकेतिक क्रमांकाचा एक रकाना वाढवला, तर ही उणीव पुष्कळ भरून निघेल. हे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळवलेले असल्याने परदेशी संस्थेलाही ते वाचता येईल. वीसपेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या आस्थापना सहसा या कायद्याबाहेर राहतात. त्यांच्यासाठी ई-श्रम नोंदणीचा आधार घेता येईल.

तिसरी, यापुढील प्रत्येक गतिशीलता करारात अनुभवाच्या पडताळणीचे कलम असावे. विशेषतः शिकाऊ उमेदवारीचे काय, हे स्पष्ट व्हावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अशा उमेदवाराला प्रशिक्षणार्थी ठरवले आहे, कामगार नव्हे. त्यामुळे पूर्णवेळ राबलेले ते वर्ष पुढे अनुभव म्हणून मांडताना त्याला अकारण झगडावे लागते.

यावर एक आक्षेप हमखास येईल: जाणाऱ्यांची वाट सोपी करणे हे सरकारचे काम आहे काय? व्यवहारी उत्तर असे, की जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले, आणि रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार त्यात प्रगत देशांचा वाटा आता आखाती देशांहून अधिक आहे. आपण हा पैसा आनंदाने मोजतो. तो मिळवणाऱ्यांचे काम मोजायला मात्र आपल्याकडे साधन नाही.

त्याहून महत्त्वाचे उत्तर असे, की हा कागद केवळ जाणाऱ्याचा नाही. बँकेत गृहकर्ज मागणारी परिचारिका, एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाताना पुन्हा ‘हेल्पर’ म्हणून सुरुवात करावी लागणारा फिटर, पाच वर्षांची सेवा सिद्ध न करता आल्याने ग्रॅच्युइटी गमावणारा कंत्राटी कर्मचारी, या सर्वांचे दुखणे एकच आहे. यांतील बहुतेकांना परदेशी जायचेही नाही. कॅनबेरा आणि ओटावा आपले नियम त्यांच्या सोयीने बदलत राहतील. आपल्या नागरिकाने आपल्याच देशात केलेल्या कामाची नोंद ठेवणे आपल्या हातात आहे, आणि श्रम संहितांची अंमलबजावणी नुकतीच सुरू झालेली असताना ही तरतूद करून घेण्याची हीच वेळ आहे.