चॅटबॉटकडून पासवर्ड नको
जानेवारी 2022मध्ये हैदराबादच्या महेश सहकारी बँकेतून 12 कोटी रुपयांहून अधिक रक्कम चोरीला गेली. फिशिंग मेलमधून शिरलेल्या चोरांच्या पथ्यावर काही सुपर युजरचे (जास्त अधिकार असलेल्या खात्यांचे) एकसारखे पासवर्ड पडले, असे पोलिस तपासात दिसले. त्याच शहरातल्या नल्लकुंटा भागातील एखाद्या क्लासचालकाने चॅटबॉटकडे पासवर्ड मागितला, तर हाच एकसारखेपणाचा दोष वेगळ्या वाटेने येतो. चॅटबॉटमागचे भाषेचे मॉडेल अक्षरांचा पुढचा तुकडा संभाव्यतेनुसार निवडते, त्यामुळे अवघड दिसणाऱ्या पासवर्डातही ठरावीक घडण उमटते. आणि त्याच मॉडेलकडे चोरही पासवर्ड मागू शकतो. शिवाय पासवर्ड संभाषणाच्या नोंदीत राहतो, ते वेगळेच. क्लासचे नाव आणि 123 यापेक्षा तो बरा, हे मान्य. पण पासवर्ड मॅनेजर तितक्याच वेळात खरोखर यादृच्छिक अक्षरे देतो. पाठ करायचाच असेल, तर 7,776 शब्दांच्या यादीतून फासे टाकून सहा शब्द निवडावेत.