इंग्रजीची वाट कन्नडातून जाते

बेळगावच्या गणपत गल्लीत संध्याकाळी एखाद्या सात-आठ वर्षांच्या मुलीवर जरा लक्ष ठेवा. आईकडे ती मराठीत हट्ट करते, फुलं विकणाऱ्या आजीला कन्नडात भाव विचारते आणि मान वर करून दुकानाच्या पाटीवरचं इंग्रजी नाव अक्षर जुळवत वाचते. कुठे कुठली भाषा काढायची, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. एका भाषेतून दुसरीत उडी मारताना ती क्षणभरही अडखळत नाही. संगणकाला हे जमावं म्हणून शास्त्रज्ञांनी आयुष्यं वेचली आणि इथे एक पोर चुरमुरे खात खात ते करतंय!

ही मुलगी मराठी शाळेत जाते. तिथे मराठी ही पहिली भाषा, शिवाय कन्नड आणि इंग्रजी. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच काळजी उभी राहते: आधीच दोन भाषा, त्यात ही तिसरी परकी. एवढंसं डोकं, त्यात गोंधळ नाही का व्हायचा?

खरी गंमत पुढेच आहे. त्या आधीच्या दोन भाषाच तिला इंग्रजीपर्यंत नेतात. कशा, ते एकेक पायरीनं बघू.

सुरुवात कानापासून. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी 1984 साली एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक सहसा कळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो सहज कळला! दहा-बारा महिन्यांची होईतो ती शक्ती बहुतेक बाळांत मावळली होती. म्हणजे आपण जन्मतो ते जगातल्या कितीतरी भाषांसाठी कान उघडे ठेवून. आजूबाजूला जे ऐकू येत नाही, त्याची दारं मेंदू पहिल्या वाढदिवसाच्या आतच लोटून घ्यायला लागतो.

मग दोन भाषांच्या गल्लीत वाढणाऱ्या बाळाचं काय? त्याची जास्त दारं उघडी राहतात. कन्नडात ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. ‘कोडु’ आखूड म्हटलं तर ‘दे’, लांबवून म्हटलं तर ‘शिंग’. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, कारण मराठीला हा भेद लागतच नाही. आता इंग्रजीकडे या. मिळवणं या अर्थाचा ‘गेट’ आणि फाटक या अर्थाचा ‘गेट’. भिजलेला ‘वेट’ आणि थांब म्हणणारा ‘वेट’. मराठीत लिहिले की जुळे, इंग्रजीत मात्र वेगवेगळे. पुण्या-मुंबईच्या मुलाला हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो. बेळगावच्या मुलीच्या कानाला ऱ्हस्व-दीर्घाची ती सवय बाजारातच लागलेली असते.

मराठीची शिदोरीही रिकामी नाही बरं! ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतले स्वर लिहायला मराठीनं अर्धचंद्र केव्हाच आपलासा केला. कन्नड लिपीत बॅटचं ‘ब्याट’ होतं. जिथे एका भाषेचा हात पोचत नाही, तिथे दुसरीचा पोचतो.

आता आकडे. ‘सदतीस’ म्हणा. तोंडातून आधी काय आलं? सात, मग तीस. लिहिताना मात्र आधी 3, मग 7. मराठी मूल रोज हा उलटा प्रवास करतं. जर्मन मुलांचीही हीच तऱ्हा, तिकडेही सात आधी आणि तीस नंतर. ‘एकोणचाळीस’ तर त्याहून अवघड: लिहायचे तीन आणि नऊ, पण नावात ऐकू येतो एक आणि चाळीस. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात दशक आधी आणि एकक नंतर अशी जोडवाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद पेटला होता! बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर, शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना संख्या सोपी व्हावी एवढाच यामागचा हेतू आहे.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मुलांकडे दशक आधी म्हणण्याची ही सोय पिढ्यान् पिढ्या आहे. कन्नडात 37 म्हणजे ‘मूवत्तेळु’: मूवत्तु म्हणजे तीस, एळु म्हणजे सात. 39 म्हणजे ‘मूवत्तोंबत्तु’, तीस आणि नऊ. इंग्रजीतही ‘थर्टी सेव्हन’, ‘थर्टी नाइन’. बघितलंत? इंग्रजी आकड्यांची चाल कन्नड आकड्यांसारखीच. सुट्टे मोजताना कानावर पडलेलं कन्नड इंग्रजी उजळणीची निम्मी वाट आधीच मोकळी करून ठेवतं.

पुढची पायरी वाक्याची, आणि इथे तर थक्क व्हायला होतं. ‘आई बाजाराला गेली.’ हेच कन्नडात: ‘अव्व संतेगे होदळु.’ शब्दाखाली शब्द ठेवून बघा. आईखाली अव्व, बाजाराखाली संते, ‘ला’खाली ‘गे’, गेलीखाली होदळु. एकही तुकडा जागचा हलला नाही! पण मराठी आर्य कुळातली आणि कन्नड द्राविड कुळातली. मुळात नातं नसलेल्या दोन भाषांचे सांधे इतके जुळतात कसे?

त्याचं उत्तर शोधायला जॉन गम्पर्झ हे भाषाशास्त्रज्ञ इथून जवळच, सांगलीशेजारच्या कुपवाडला आले होते. तिथे जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुस्लिम घरांत उर्दू, दलित घरांत मराठी. घराच्या उंबऱ्याआत प्रत्येकानं आपली भाषा जपलेली, उंबऱ्याबाहेर शेतात आणि बाजारात दिवसभर भाषा बदलत राहायचं. शेकडो वर्षं असं चाललं आणि तिन्ही भाषांचं व्याकरण हळूहळू एकमेकांकडे सरकलं, इतकं की एका भाषेतलं वाक्य तुकड्याजागी तुकडा ठेवून दुसरीत नेता यावं. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली हे मांडलं आणि कुपवाड जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसलं. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावर साडी विणतात तसं हे झालं. ताणा एकच, बाणा तेवढा बदलायचा. व्याकरणाचा ताणा सगळ्यांचा, शब्दांचा बाणा ज्याचा त्याचा.

इंग्रजी मात्र हा ताणाच बदलते. ‘मदर वेंट टु द मार्केट.’ क्रियापद शेवटून उठून मधे येऊन बसलं. बाजाराच्या पाठीला चिकटलेला ‘ला’ सुटा झाला आणि ‘टु’ होऊन पुढे गेला. मूल अडतं ते इथे. शब्द त्याला पटापट पाठ होतात, जागा चुकतात. म्हणून जाणत्या बाई फळ्यावर तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहितात आणि विचारतात, “काय हललं? कुठून कुठं गेलं?” मुलं शोधायला लागतात, आणि नियम सांगायच्या आधी त्यांच्याच हाती लागतो.

आता लिपी. क, च, ट, त, प असं सावकाश म्हणून बघा. घशापाशी सुरुवात झाली, टाळू आणि दात ओलांडत आवाज ओठांवर आला. तोंडाचा केवढा शिस्तशीर नकाशा आहे हा! कन्नड वर्णमालेचा क्रमही तोच, कारण दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी. मराठीची बाराखडी तसं कन्नडचं कागुणित. वळणं गोलाकार झाली, आतली रचना तीच राहिली. एक लिपी पक्की झाली की दुसरीत नवे शिकायचे ते आकार.

आणि इंग्रजी? अक्षरं 26, आवाज सुमारे 44. ‘सी’ हे अक्षर कॅटमध्ये क होतं, सिटीमध्ये स होतं. याचा भार केवढा, ते स्कॉटलंडमधल्या फिलिप सीमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं. युरोपातल्या डझनभराहून जास्त भाषांतल्या मुलांचं वाचन त्यांनी ताडून बघितलं. पहिल्या इयत्तेच्या अखेरीस फिनिश मुलं ओळखीच्या शब्दांपैकी 98 टक्के बिनचूक वाचत होती. इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुलं? 34 टक्के. ज्यांच्या घरी इंग्रजीच बोलतात, त्या मुलांची ही गोष्ट! तेव्हा सीमेवरच्या निपाणीचं दुसरीतलं पोर इंग्रजी शब्दावर अडलं तर दोष त्याच्या बुद्धीचा मुळीच नाही. वाचणं म्हणजे आवाज आणि खूण यांची गाठ, हे त्याला मराठीत आधी नीट उमगू द्यावं. हे मर्म एकदाच शिकावं लागतं, मग ते प्रत्येक लिपीत कामाला येतं.

तीन भाषांचा असा वर्ग इथे तयार झाला कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. त्याच दिवशी राज्यघटनेत कलम 350-क अमलात आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी. ज्या दिवशी सीमा बदलली, त्याच दिवशी मुलांच्या भाषेला वचन मिळालं! सीमा इतकी जवळून जाते की निपाणीलगतचं देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात आहे. पुढे 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकाच्याच खटल्यात निकाल दिला की प्राथमिक शाळेसाठी मातृभाषेचं माध्यम सरकारला सक्तीचं करता येणार नाही. निवड आई-वडिलांच्या हाती आली. म्हणून तर मुलाच्या डोक्यात काय घडतं, हे त्यांना कळणं फार गरजेचं आहे.

कॅनडातल्या जिम कमिन्स या संशोधकांनी स्थलांतरितांच्या मुलांकडे पाहून दाखवलं की रोजच्या गप्पांपुरतं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, पण विज्ञान आणि इतिहास समजून घेण्याचं इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि त्या मुलांभोवती तर चोवीस तास इंग्रजी होतं! कमिन्स यांचं दुसरं म्हणणं आणखी मोलाचं: विचार करण्याची ताकद सगळ्या भाषांच्या तळाशी एकच असते. बाष्पीभवन मराठीत कळलं असेल तर इंग्रजीत फक्त नाव शिकायचं उरतं. मराठीतच कळलं नसेल तर इंग्रजी नाव नुसतं पाठ होतं.

एलन बिआलिस्टॉक या मानसशास्त्रज्ञांची एक युक्ती मला फार आवडते. मुलांना सांगायचं, अर्थ कितीही वेडा असो, वाक्याची रचना बरोबर आहे का तेवढं सांगा. मग म्हणायचं, सफरचंदं नाकावर उगवतात. एकभाषी मुलं हसत सुटतात आणि ‘चूक’ म्हणतात. दोन भाषांत वाढलेली मुलं हसू बाजूला ठेवून ‘वाक्य बरोबर आहे’ हे जास्त सहज सांगतात. भाषेकडे बाहेरून बघण्याची ही नजर मोठी मोलाची आणि गणपत गल्लीतल्या मुलीला ती फुलांचा भाव विचारता विचारता मिळते.

हे सगळं जाणणाऱ्या चांगल्या वर्गात इंग्रजी अंगाच्या हालचालीतून सुरू होते. बाई म्हणतात ‘जंप’ आणि अख्खा वर्ग उडतो. बोलायची सक्ती नाही, आधी ऐकायचं आणि करायचं. जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात ही पद्धत मांडली तीच मुळी बाळाकडे बघून: बाळ बोलायच्या कितीतरी आधी ऐकून वागायला लागतं. मग गोष्ट येते, आधी मराठीत, म्हणजे पुढे काय घडणार ते ठाऊक असतं आणि तीच इंग्रजीत ऐकताना सगळं लक्ष भाषेवर राहतं. मधेच कुणी कन्नड शब्द वापरला तर बाई थांबवत नाहीत, तोही फळ्यावर चढतो.

सीमाभागातल्या आई-वडिलांनो, मुलाचं इंग्रजी पक्कं व्हावं असं वाटतं ना? मग घरात मराठीत भरपूर बोला, गोष्टी सांगा, वाचून दाखवा, प्रश्नांना उत्तरं द्या. गल्लीतल्या कन्नड दोस्तांबरोबर त्याला मनसोक्त खेळू द्या. शाळेतल्या इंग्रजीला सवड द्या. जगातल्या नामांकित विद्यापीठांनी दशकानुदशकं प्रयोग करून जे शोधलं, त्याचं सगळं साहित्य तुमच्या अंगणात आयतं हजर आहे. ते वापरायला ना शिकवणीची फी लागते, ना घरची भाषा सोडावी लागते.