जुलाब लागले तर लेकराचं पाणी तोडू नका

पावसाळा लागला, विहिरी-नाल्याचं पाणी गढूळ झालं, की लहान लेकरांना हगवण लागते. नेमकं तेव्हाच आपण पऱ्हाटीच्या निंदणाला जातो आणि लेकरू आजीजवळ असतं. म्हणून आजचं बोलणं जेवढं आयांसाठी, तेवढंच आज्यांसाठी.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "पाणी दिलं की आणखी जुलाब होतात." पण अशा वेळी लेकरू बहुतेकदा दगावतं ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं. आज्या तान्ह्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "टाळू खोल गेली." त्यांची पारख खरी असते! अंगातलं पाणी आटलं की टाळू खोल जाते. फक्त टाळूवर तेल थापून ती भरत नाही. पाणी पोटात जावं लागतं.

तेही नुसतं पाणी नाही. साखर आणि मीठ योग्य मापात एकत्र गेलं की आतडं ते शोषतं आणि त्याबरोबर पाणीही अंगात ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही हे होतं. ओआरएसची पुडी म्हणजे हेच माप. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनीच ते रोग्यांना पाजलं. शंभरात तीसेक माणसं दगावत होती, ती चारच्या खाली आली. पाजणारे काही डॉक्टर-नर्स नव्हते.

मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण ओतायची. अर्धी पुडी पेल्यात टाकली तर माप बिघडतं. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या लेकराला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्यानं. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. उरलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातलं गोड शरबत मात्र नको, त्यानं जुलाब वाढू शकतात.

अंगावरचं दूध चालूच ठेवा, उलट जास्त वेळा पाजा. वरचं खाणारं लेकरू असेल तर पेज, वरण-भात द्या. उपाशी ठेवू नका.

आशाताई पुडीसोबत झिंकच्या गोळ्या देतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत एक, रोज, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे. इथंच बहुतेक घरांत गोळ्या फळीवर पडून राहतात. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी लेकराला कधीच देऊ नका.

शौचात रक्त, सारखी उलटी, ताप, डोळे खोल, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळू सरकणं, लेकरू सुस्त पडणं किंवा पीतच नसणं, यातलं एक जरी दिसलं तर 108 ला फोन करा आणि वाटेतही पाजत राहा. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर थांबूच नका.

झरी जामणी, मारेगावकडच्या पोडांवर नाल्याला पूर आला की वाट बंद होते. म्हणून प्रत्येक गटानं आत्ताच आशाताईंकडून पुड्या आणि गोळ्या घेऊन वस्तीतल्या एका घरी ठेवाव्यात, आणि कोणत्या घरी ते साऱ्यांना सांगून ठेवावं.