उताऱ्यात न लिहिलेलं उत्तर



शिष्यवृत्ती परीक्षा २०१७ पासून पाचवीला होऊ लागली. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ प्रश्न, ५० गुण. "उतारा समोर असतो, उत्तर त्यातच असतं, तरी पोरं चुकतात कशी?" असं पालक विचारतात. उत्तर त्यातच असतं, पण दरवेळी लिहिलेलं नसतं.

पाटोद्याच्या मुलांना ओळखीचा वाटेल असा एक उतारा मीच तयार केला:

"दिवाळी सरली. ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड भरून आई-बाबा कारखान्याला गेले. लाकडांची मोळी अंगणात तशीच पडली आहे. आजी उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत आहे. चुलीवरची भाकरी करपली, तरी तिला वास आला नाही."

'आई-बाबा कधी गेले?' याचं उत्तर सगळ्यांनी लिहिलं. 'कधी' म्हटलं की वेळ शोधायची, एवढं त्यांना जमतं. 'भाकरी का करपली?' इथे गाडी अडली. कोणी लिहिलं, चुलीवर होती म्हणून. कोणी लिहिलं, जाळ जास्त होता म्हणून. जाळाचा तर उताऱ्यात उल्लेखच नाही! आजीजवळ राहणाऱ्या एका मुलीने मात्र लिहिलं, "तिचं ध्यान रस्त्याकडं होतं." हे वाक्य उताऱ्यात नाही, पण दोन वाक्यं जोडली की हाती येतं. मी मुलांना एवढंच विचारते, "हे कशावरून म्हणतोस? त्या वाक्यावर बोट ठेव." जाळावाल्याला बोट ठेवायला जागाच सापडली नाही. 'का' आणि 'कशावरून' असे प्रश्न घरीही रोज विचारता येतात, त्याला गाईड लागत नाही.

व्याकरणही याच उताऱ्यावर घ्यावं. समूहदर्शक शब्द विचारला तर मुलं 'मोळी' लगेच सांगतात, वर उसाचीही मोळी असते हे आपल्याला ऐकवतात. काळ विचारताना एकाने वाक्य लिहिलं, 'आजी रस्त्याकडं बघायली.' मी त्यावर काट मारली नाही. 'बघायली' ही आपली मराठवाड्याची बोली, प्रमाण भाषेत 'बघत आहे'. दोन्हींचा काळ अपूर्ण वर्तमानच. शेजारी दुसरं रूप लिहून दिलं. पेपरात पर्याय प्रमाण भाषेत येतात, म्हणून ही जोडी माहीत हवी. बोली चूक ठरवली की मूल पुढच्या वेळी लिहायचंच थांबतं, हा माझा अनुभव.

भाषणाच्या उताऱ्यात अडचण वेगळी असते. समजा, गावचे सरपंच म्हणतात: "मुलांनो, आपण ही शाळा उभी केली. आम्ही भिंती बांधल्या, तुम्ही झाडं लावली. आता ही झाडं कोण जगवणार?" इथे 'आम्ही' म्हणजे फक्त मोठी माणसं. 'आपण' म्हणजे मोठी माणसं आणि ऐकणारी मुलं, दोन्ही. बऱ्याच भाषांना दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो, आपल्याकडे दोन आहेत. ('आपण आलात' मधला आदराचा 'आपण' निराळा, तोही सांगून टाकावा.) म्हणून भाषण वाचताना आधी कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, हे समासात लिहायला लावते.

शेवटचं वाक्य प्रश्नार्थी आहे, पण सरपंच काही माहिती विचारत नाहीत. वाक्याचा प्रकार विचारला तर 'प्रश्नार्थी' हेच उत्तर. 'वक्त्याला काय सुचवायचे आहे?' असं विचारलं तर 'झाडं तुम्हीच जगवा'. एकाच वाक्यावर दोन प्रश्न, दोन उत्तरं. मुलं इथे गोंधळतात, कारण दुसऱ्या प्रश्नालाही ती पहिल्याचंच उत्तर देतात.

दिवाळीनंतर फडावर जाणाऱ्या मुलांच्या दप्तरात असे चार-पाच उतारे घालून देते. पालकांनी फोनवर एवढंच विचारावं, "आज काय वाचलंस? त्यातलं कोण कुणाशी बोलायलं होतं?"