चोंच तुटलेल्या कोंबडीची शुश्रूषा

कोंबडीचा पाय मोडला तर ती लंगडते आणि तें धन्याच्या तत्काळ लक्षांत येतें. चोंच मोडली तर मात्र ती पूर्वीसारखीच हिंडते, दाण्यांवर टोंचाहि मारते, आणि भरल्या थाळीपुढें उपाशी मरते. हें आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलों. ती चूक आमच्या शेतकरी बंधूंकडून होऊं नये म्हणून हा लेख.

सन २०२४ च्या ज्येष्ठ महिन्यांत एके रात्रीं आमच्या खुराड्याभोंवतीं मुंगूस आलें. त्या धांवपळींत एका गांवठी कोंबडीची चोंच तारेच्या जाळींत अडकली व वरच्या चोंचीचा पुढील सुमारें तिसरा हिस्सा तुटून गेला. पहाटे पाहतों तों छाती रक्तानें माखलेली. शेजारचे एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, "आजच कापा, चार दिवसांत वाळून जाईल, मग मांसहि मिळणार नाहीं." सल्ला व्यवहाराचा होता. परंतु कोंबडी आमच्या सौभाग्यवतींची, आणि अंड्यांचे पैसे हाच त्यांचा हातखर्च. त्यांनीं साफ नकार दिला.

आम्हीं रक्त थांबविलें, तिला निराळ्या डालग्याखालीं ठेविलें आणि पुढें ज्वारीची थाळी सरकविली. ती दिवसभर टोंचे मारीत असे, त्यावरून ती खाते असें आम्ही समजलों. महसूल खात्यांत उभा जन्म नोंदी करण्यांत गेल्यामुळें पहिल्या दिवशींचें वजन मात्र लिहून ठेविलें होतें: १,४०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशीं सौभाग्यवतींनीं तिला उचललें व त्या म्हणाल्या, "ही हलकी लागते." वजन केलें तों १,२१० ग्रॅम भरलें. थाळींत घातलेल्या शंभर ग्रॅम ज्वारीपैकीं पंचाण्णव ग्रॅम शिल्लक! शेतावर न जातां चावडींत बसून पीकपाहणी लिहिणारास आम्हीं जन्मभर नांवें ठेविलीं, आणि घरीं तेंच केलें.

याचें कारण असें. दाणा उचलण्यास वरची व खालची चोंच चिमट्याप्रमाणें जुळावी लागते. एक टोंक गेलें कीं चिमटा मिटत नाहीं व सपाट थाळींतील दाणा निसटतो. म्हणून अन्न मऊ, ओलसर व खोल भांड्यांत दिलें पाहिजे. चोंच आंत बुडवून तिला तें ओढून घेतां येतें. आम्हीं कोंबडीखाद्याचा भरडा कोमट पाण्यांत भिजवून, त्यांत उकडलेलें अंडें कुसकरून, चार बोटें खोल वाडग्यांत दिवसांतून चार वेळां दिला. असें अन्न लवकर आंबतें, म्हणून दर वेळीं वाडगा धुवावा. पाणीहि चोंच बुडेल इतकें खोल असावें. दहाव्या दिवशीं वजन १,३६० ग्रॅम झालें.

पोट भरलें कीं नाहीं हें टोंच्यांवरून ठरवूं नये. मानेच्या बुडाशीं, उजव्या बाजूस, अन्नाची पिशवी असते. सायंकाळीं ती हातास भरलेली व सकाळीं रिकामी लागावी.

आतां जखमेविषयीं. चोंच म्हणजे निर्जीव नख, असा पुष्कळांचा समज आहे. वरचें कवच शिंगासारखें असलें तरी त्याच्या आंत हाड, रक्तवाहिन्या व मज्जातंतु आहेत; तिला वेदना होतात. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडकें कांहीं मिनिटें दाबून धरावें. न थांबल्यास चिमूटभर मैदा किंवा मक्याचें पीठ लावावें. जखम उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्यानें पुसावी. हळद-तेलाचा जाड लेप थापूं नये, कारण नाकपुड्या वरच्या चोंचीच्या मुळाशींच असतात व त्या बुजतात. लोंबणारा तुकडा ओढून काढूं नये. जखमी कोंबडी निराळी ठेवावी, कारण रक्त दिसलें कीं इतर कोंबड्या तेथेंच टोंचतात. मात्र तिला त्या दिसतील अशी जागा असावी, म्हणजे परत सोडतांना मारामारी कमी होते.

रक्त थांबत नसल्यास, चोंच नाकपुडीजवळ तुटली असल्यास, खालची चोंच लोंबत असल्यास किंवा घास गिळवत नसल्यास विलंब न करितां पशुवैद्याकडे न्यावें. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊं नयेत. डॉक्टरांनीं औषध दिल्यास अंडीं किती दिवस खाऊं नयेत तेंहि विचारून घ्यावें.

चोंचीचें कवच आयुष्यभर वाढत असतें, म्हणून टोंक गेलें असल्यास तें कांहीं महिन्यांत बव्हंशीं भरून येतें. आंतील हाड गेलें असल्यास तेवढा भाग परत येत नाहीं. मधल्या काळांत समोरची चोंच न झिजल्यामुळें लांबते. ती नखांच्या कानशीनें थोडी थोडी घांसावी.

आमच्या कोंबडीची चोंच कार्तिकापर्यंत भरून आली. किंचित् बोथट आहे, पण ज्वारीचा दाणा ती उचलते, आणि अंडींहि देते. खुराड्याच्या जाळीचीं तुटकीं टोंकें आम्हीं त्याच आठवड्यांत आंत वळवून घेतलीं. तें काम दहा मिनिटांचें होतें व तें आधींच व्हावयास पाहिजे होतें. वाचकांनीं हें पान मिटण्यापूर्वीं आपल्या खुराड्याची जाळी एकदां हातानें चांचपून पाहावी, एवढीच विनंति.